माझे पोचे सरळ करायला कुणी सांगितलं होतं?

मित्रांनो, मी एक जुनं पातेलं आहे. चांगलं मोठं, अॅल्युमिनियमचं, दोन कानांचं. एक कान तुटला म्हणून तिथे तार पिळलेली आहे. तुम्ही मला पाहिलंत तर म्हणाल, काय चकचकीत आहे! कृपा करून तसं म्हणू नका. माझ्या अंगावर पूर्वी पोचेच पोचे होते आणि मला त्यांचा अभिमान होता. ते माझ्याच माणसांनी घालवले.

सर्बियातल्या एका लहान गावात रादोयका नावाच्या बाईनं लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत मला घेतलं. तिच्या घराच्या, कुलदैवतासारख्या मानलेल्या संताचा, संत निकोलाचा सण ऐन थंडीत, उपवासाच्या दिवसांत येतो. त्या दिवशी माझ्यात सारमा शिजायचा. आंबवलेल्या कोबीची पानं आणि त्यांत मांसाऐवजी भात नि अक्रोड. तळाच्या गुंडाळ्या हमखास करपायच्या. त्या तिच्या मुलाच्या, नेनादच्या. दुसऱ्या कुणी त्यांना हात लावला की स्वारी रुसून बसायची.

नेनाद मिसरूड फुटायच्या वयाचा झाला आणि त्याला लढाईवर नेलं. आता संताप येईल असं ऐका. संध्याकाळी साडेसातच्या बातम्यांत रोज सांगत, आपला देश युद्धात नाही. त्या नसलेल्या युद्धातून नेनाद शवपेटीत घरी आला. त्या संध्याकाळीही टीव्हीवर तेच वाक्य होतं. रादोयका रडली नाही, नुसती पडद्याकडे बघत राहिली.

जुन्या सत्ताधाऱ्यांनी तोवर कम्युनिस्ट ही पाटी उतरवून दुसरी लावली होती. खुर्च्या त्याच आणि बसणारेही तेच. त्यांच्याविरुद्ध वेलिमिर नावाच्या भूगोलाच्या मास्तरानं एक पक्ष काढला. न्हाव्याच्या दुकानामागची खोली हेच त्याचं कार्यालय. रादोयका तिथे पहिल्यापासून जायची, कारण नेनादला लढाईवर धाडून कुणी मारलं हे वेलिमिर नाव घेऊन सांगायचा.

मग एका हिवाळ्यात नगरपालिकेची निवडणूक पक्षानं जिंकली आणि सत्ताधाऱ्यांनी निकालच फिरवला. लोक खवळले. बातम्या सुरू झाल्या की खिडक्या उघडायच्या आणि भांडी बडवायची, म्हणजे ते खोटं कुणाच्या कानावरच पडणार नाही, अशी रीत गावोगावी पडली. रादोयका एका हातात मला आणि दुसऱ्या हातात लाटणं घेऊन गॅलरीत आली.

“अगं, फुटेल ते!” समोरच्या गॅलरीतून दोब्रिला ओरडली.

“फुटू दे! सारमा तुझ्या बादलीत करीन!”

खाली रस्त्यात बर्फात उभा राहून वेलिमिर हात हलवत होता. “मावशी, अजून जोरात! टीव्हीवाल्याचा आवाज येतोय अजून!”

किती बडवलं तिनं मला! एकेका फटक्याला ती पुटपुटायची, “हा नेनादचा. हाही नेनादचा.” माझं अंग पोच्यांनी भरून गेलं. मित्रांनो, मला मुळीच दुखलं नाही.

शेवटी जुने गेले. वेलिमिर नगराध्यक्ष झाला. त्यानं मला पक्षाच्या कार्यालयासाठी मागून घेतलं. सणाला मात्र मी घरी जायचं, असं ठरलं. पहिली काही वर्षं तो स्वतः मला काखोटीला मारून न्यायचा आणि सारम्यावर ताव मारायचा. पुढे ड्रायव्हर यायला लागला. पुढे तोही येईना. कार्यालय मोठ्या इमारतीत गेलं आणि मी काचेच्या कुलूपबंद कपाटात. तिथे नवे लोक भरले. साडेसात वाजता जे घराचे पडदे ओढून बसायचे, तेच आता माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेत!

एकदा परदेशी पाहुणे येणार होते. “असलं चेपलेलं भांडं दाखवायचं?” असं म्हणून वेलिमिरनं मला भांडी ठोकून देणाऱ्या कारागिराकडे धाडलं. त्यानं माझा एकेक पोचा आतून ठोकून काढला. ते मात्र दुखलं. पाहुण्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

लोक मात्र सगळं पाहत होते. पुढच्या निवडणुकीत मतं घसरली. खुर्ची जाऊ नये म्हणून वेलिमिरनं काय करावं? त्यानं जुन्या सत्ताधाऱ्यांशी हातमिळवणी केली. ज्यांनी पोरं लढाईवर पाठवली, त्यांच्याशी! माझ्या कपाटापुढे उभं राहून त्यांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या. काच नसती तर मी त्यांच्या पायावर पडलो असतो, चांगला जोरात.

दुसऱ्या दिवशी रादोयका आली.

“माझं पातेलं दे. परवा सण आहे.”

“मावशी, ते आता ऐतिहासिक आहे.”

“मीही आहे. मला नाही काचेत ठेवलंस ते?”

वेलिमिरनं कुलूप काढलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. “हे माझं नव्हे.”

“हेच ते. जरा नीट करून घेतलंय.”

तिनं तार पिळलेला कान चाचपला आणि मला ओळखलं. “नीट? ते माझ्या पोराचे पोचे होते रे मेल्या! तुला कुणी सांगितलं होतं सरळ करायला?”

“मावशी, राजकारणात थोडं पुढे बघावं लागतं.”

“बघ की. तुला कुणी अडवलंय?” असं म्हणून ती मला उचलून चालायला लागली.

त्या संध्याकाळी साडेसातच्या बातम्यांत वेलिमिर नव्या सोबत्यांबरोबर हसत बसला होता. रादोयकानं लाटणं काढलं.

“अगं, आता कुणाविरुद्ध?” दोब्रिला ओरडली. “हे तर आपलेच ना?”

“म्हणून तर जोरात!”

दोब्रिला मग आत गेली आणि बादली घेऊन आली.

तो पक्ष आज औषधालाही उरलेला नाही. त्या इमारतीत सट्ट्याचं दुकान आहे. मित्रांनो, घासूनपुसून काचेत ठेवणं म्हणजे जपणं नव्हे. तुमच्या घरात एखादं पोचे पडलेलं भांडं असेल, तर ते ठोकायला देण्याआधी त्याच्या मालकिणीला विचारा.

त्या सणाला सारमा माझ्यातच शिजला. लाटण्याचा नवा पोचा नेमका बुडाशी पडला होता, म्हणून तळाच्या गुंडाळ्या जास्तच करपल्या. रादोयकानं त्या वेगळ्या काढून ठेवल्या आणि कुणाला हात लावू दिला नाही.