वाकड्या शिवणीची खिडकी

मी एक जुना तंबू आहे, मित्रांनो. कामठीला, बाबारावांच्या अंगणात, कडुलिंबाच्या सावलीत उभा असतो. एकेकाळी माझा रंग पिकलेल्या गव्हासारखा होता. आता त्याला काय म्हणावं, मलाच ठाऊक नाही. मोहल्ल्यातली पोरं दुपारभर माझ्या पोटात पत्ते कुटतात, भांडतात, आंब्याच्या कोयी लपवून ठेवतात. पण कधी माझ्या कापडाला जीभ लावून पाहा. खारट लागेल. हे मीठ इथलं नाही. ते फार लांबून, माझ्या शिवणींत बसून आलं आहे.

तुम्हाला वाटत असेल, तंबूला कुठले डोळे? असतात. दार आणि खिडक्या हेच आमचे डोळे. कापड जिथे उघडतं तिथून आम्हाला दिसतं. जिथे ते मिटलेलं असतं तिथून नुसतं ऐकू येतं. एवढं लक्षात ठेवा, कारण माझी सगळी कहाणी याच गोष्टीपाशी अडकली होती.

माझा जन्म इथेच, या अंगणाला लागून असलेल्या छावणीच्या रस्त्यावरच्या दुकानात झाला. फौजेचे फाटलेले तंबू सांधण्यात बाबारावांचे केस पिकले होते. त्यांची शिवण इतकी सरळ की जणू पट्टी ठेवून ओढलेली रेघ. शेजारी यंत्रमागांचा कारखाना. खटाखट, खटाखट, दिवसभर. त्या आवाजातच मी कापला गेलो, शिवला गेलो. तुम्हाला अंगाई असते ना, तशी मला ती खटाखट.

मला शिवायला सांगितलं ते श्वेताने. ही नागपूरच्या रामदासपेठेतली मुलगी. तिच्या घरच्या प्रत्येक लग्नाचा मांडव बाबारावांनीच घातलेला, म्हणून ती त्यांना काका म्हणायची. तिने कोकणात, समुद्राला लागून असलेल्या जंगलाचा एक तुकडा घेतला होता. तिथे तंबू उभारायचे आणि त्यांत पाहुण्यांना राजेशाही थाटात ठेवायचं, असा तिचा बेत होता. तंबूत पलंग, तंबूत आरसा, दारात वेताच्या खुर्च्या.

बाबाराव हसले होते. "तंबूत पलंग? मंग घरीच काहून नाही राहत ते लोक?"

प्रयागबाई, म्हणजे त्यांची बायको, माझ्या काठाला पितळी कड्या ठोकत होत्या. हातोडी न थांबवता त्या म्हणाल्या, "तुमाले काय करायचं? लोकायले घर सोडून घरासारखंच राहायचं राहते."

मी होतो नमुन्याचा तंबू. आधी मला शिवायचं, श्वेताला दाखवायचं, मग बाकीचे करायचे. श्वेताने फोनवर बजावलं होतं, मागची अख्खी भिंत जाळीची हवी, तोंड मावळतीला. बाबारावांनी "हो हो" म्हटलं आणि मागची भिंत जाड दुहेरी कापडाने बंद करून टाकली. एक फटसुद्धा ठेवली नाही.

"अवो, पोरीनं खिडकी सांगतली नं तिकडून?" प्रयागबाई म्हणाल्या.

"तिले काय समजते? मावळतीले खिडकी ठेवते का कोणी? पाहुणे भाजून निघतीन."

"जराशी हवा तं लागू द्या त्याइले."

"मावळतीकडून हवा नाही येत वं, लू येते."

मित्रांनो, यात बाबारावांचं काय चुकलं? ज्याने जन्मभर नागपूरचे उन्हाळे काढले, त्याच्यासाठी पश्चिम म्हणजे ऊन. दुपारी घराचं ते अंग मिटून घ्यायचं, फरशीवर पाणी शिंपडायचं आणि अंधारात पडून राहायचं. त्यांनी माया म्हणूनच मला तिकडून आंधळं केलं. श्वेता बघायला आली तेव्हा तिने कपाळाला हात लावला. बाकीच्या तंबूंना जाळी करायचं बाबारावांनी कबूल केलं, पण मला काही उसवेनात. "एक तरी माझ्या मनासारखा जाऊ दे, बेटा. उन्हात पाहजो, पाहुणे यालेच मागतीन." श्वेताला त्यांचं मन मोडवलं नाही.

असा मी ट्रकमध्ये चढलो आणि विदर्भ मागे पडला.

काय सांगू तुम्हाला, ते जंगल कसं होतं! ऐन, किंजळ, काजू, आणि त्यांच्या अंगाखांद्यावर चढलेल्या वेली. लाल मातीची एक पायवाट झाडांतून वळत माझ्या दारापर्यंत यायची. लाकडी ओट्यावर मला उभं केलं, आत पांढरीशुभ्र चादर घातली, कोपऱ्यात तांब्याचा दिवा ठेवला. मी फौजेच्या तंबूंचा पुतण्या, चिखलात उभं राहायला जन्मलेला! माझ्या पोटात फुलांचा वास दरवळायला लागला तेव्हा मी लाजून थरथरलो. शेकरू माझ्या दोरावरून पळत जायचं. मोठ्या चोचीचा धनेश पंख फडफडवत गेला की आकाशात कोणी सतरंजी झटकतंय असं वाटायचं. हे सगळं मला माझ्या पूर्वेकडच्या दारातून आणि बाजूच्या खिडक्यांतून दिसायचं, आणि त्यांच्यासमोर झाडंच झाडं होती.

आणि मागून यायचा एक आवाज.

पहिल्या दिवशी मी मनात म्हटलं, अरे वा, इथेही यंत्रमाग आहेत! तसाच न थांबणारा, तसाच पुन्हा पुन्हा येणारा. पण हे माग फार मोठे असले पाहिजेत, कारण त्यांच्या धडकेने ओटासुद्धा हलकेच हादरायचा. असं कोणतं कापड तिथे विणलं जात असेल? कोणाच्या अंगाला पुरेल ते?

शेजारच्या तंबूंत पाहुणे शिरायचे आणि शिरताक्षणी गप्प व्हायचे. मग कोणीतरी हळूच "बापरे" म्हणायचं. त्या एका "बापरे"वरून मला कळलं की माझ्या पाठीमागे काहीतरी अफाट आहे. त्याला समुद्र म्हणतात, हे नंतर कळलं. माझ्यात मात्र पाहुणे शिरायचे, पलंगावर बसायचे आणि समोर कोरं कापड बघून विचारायचे, "दुसरा तंबू मिळेल का?" मला फिरवून बसवावं तर मागे लगेच तीव्र उतार, दार उघडायला जागाच नाही, आणि न्हाणीघराचे नळही एकाच बाजूला जोडलेले.

एकदाच एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन आली. बाळ प्रवासाने किरकिरत होतं. माझ्या अंधारात शिरलं आणि झोपलं. त्याच्या शेजारी ती बाईही झोपली, केसांतली पिनसुद्धा न काढता. तिने समुद्र पाहिला नाही, पण जाताना माझ्या कापडावरून हात फिरवून गेली. त्या हाताच्या आठवणीवर मी कितीतरी दिवस काढले.

पण एका हातावर तंबू टिकत नाही. एका मे महिन्यात, पावसाळ्याआधी आम्हाला उतरवायची वेळ आली तेव्हा श्वेता माझ्यासमोर उभी राहिली. "याला पुढच्या वर्षी लावायचा नाही. फाडून सरपणावर झाकायला घ्या," ती कामगारांना म्हणाली. मग जरा थांबली. "राहू द्या. आधी काकांना बोलावते. त्यांच्या हाताचा आहे."

मित्रांनो, फाटण्याची भीती वाटलीच. पण त्याहून मोठं दुःख हे होतं की समुद्राला पाठ टेकून इतकी वर्षं उभा राहिलो, आणि तो न पाहताच जाणार.

बाबाराव आले. सोबत प्रयागबाई आणि नात रितिका, नुकतीच शाळेत जायला लागलेली, दोन वेण्या, गळ्यात पाण्याची बाटली. तिघांपैकी कोणीच समुद्र पाहिलेला नव्हता. पायवाट जंगलातून येते, त्यामुळे माझ्या दारापर्यंत पोचेतो तो दिसतही नाही.

"काका, आधी खाली किनाऱ्यावर चला ना," श्वेता म्हणाली.

"आधी तंबू पाहू दे, बेटा. समुद्र कुठी पळून नाही चालला." ते माझ्या आत आले, शिवणीवरून बोटं फिरवली आणि भर दुपार बघून सवयीने दार पाडलं, बाजूच्या खिडक्यांचे पडदे सोडले, तांब्यातलं पाणी ओट्यावर शिंपडलं. "आता पाहा कसा थंडावा येते."

थंडावा कुठला! कोकणातल्या त्या दमट हवेत मी भट्टीसारखा झालो. रितिकाच्या वेण्या मानेला चिकटल्या.

"अवो, मी पार चिंब झाली," प्रयागबाई पदराने वारा घेत म्हणाल्या. "काहून बंद करून राहिले सगळं? शिजवता का आमाले?"

"थांब वं जराशी. येते थंडावा."

"कव्हा? आमी वरणासारखे गळल्यावर?"

रितिका मागच्या भिंतीला कान लावून उभी होती. "आबा, इथंही माग चालू आहेत!"

बाबारावांनी मान वर केली. तेही भिंतीजवळ आले आणि त्यांनीही कान लावला. त्यांच्या गालाचे खुंट मला टोचले. बराच वेळ ते तसेच उभे होते. माझ्यासारखंच, आवाज ऐकत, काही न दिसता.

"हे माग नाही होय, बाळा," ते अगदी हळू म्हणाले. मग श्वेताकडे वळले. "हा इतक्या जवळ आहे?"

"या भिंतीच्या पलीकडेच, काका. म्हणून तर म्हटलं होतं खिडकी करा."

बाबारावांनी पिशवीतून खडू काढला, कात्री काढली.

"अवो! आपल्याच हातानं फाडता?" प्रयागबाई उठून उभ्या राहिल्या. "इतकी चांगली शिवण!"

"शिवण चांगली आहे. जागा चुकली."

खडूची रेघ माझ्या पाठीवरून फिरली. मग कात्रीचं थंड टोक लागलं. मी घाबरलो, खोटं कशाला सांगू? कापडाला कात्री म्हणजे काय, ते आम्हालाच माहीत. कर्रर्र असा आवाज झाला आणि माझ्या अंधारात उजेडाचा एक धागा उतरला. धाग्याची पट्टी झाली. वारा आत घुसला, ओला, खारा, थंड. मी पोटभर फुगलो. बाबारावांनी तिन्ही बाजू कापल्या आणि कापडाचा तो पडदा वर उचलून धरला.

मित्रांनो, मला पहिल्यांदा दिसलं.

एक शेत होतं, त्याला बांधच नव्हता. ते निळं होतं, हिरवं होतं, आणि चालत होतं. सगळं शेत आमच्याकडे चालत येत होतं, खडकांपाशी येऊन पांढरं होत होतं, मागे सरत होतं आणि पुन्हा निघत होतं. ते कुठे संपत होतं ते शोधत माझी नजर लांब लांब गेली, तर तिथे आभाळच सुरू झालेलं. इतकी वर्षं माझ्या पाठीला टेकून हे उभं होतं! माझे सगळे दोर एकदम ताणले गेले.

तिघांच्याही माना डावीकडून उजवीकडे फिरल्या. शेवटी बाबाराव म्हणाले, "अंबाझरीचा दुसरा काठ दिसते. याचा काहून नाही दिसत?"

"आबा, हा तलाव नाही!" रितिका ओरडली. "हा समुद्र आहे!"

प्रयागबाई वारा घ्यायचं विसरल्या. त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले. गालावरून घाम वाहत होता की आणखी काही, ते मला वरून कळलं नाही.

"आन् मी याले याच्याकडं पाठ करून उभं केलं," बाबाराव माझ्या खांबावर हात ठेवत म्हणाले. "याले झाकलं. ऊन समजून."

त्यांनी तिथेच ओट्यावर बसून कापलेल्या कडा दुमडून शिवल्या. सूर्य उतरत होता, समुद्र तांब्यासारखा होत होता, आणि त्यांची सुई चालली होती. श्वेताने कामगारांना सांगून टाकलं, हा तंबू फाडायचा नाही.

त्यानंतर बरीच वर्षं मी तिथे उभा राहिलो. पाहुणे फोन करून मलाच मागायचे. ते शिरायचे, गप्प व्हायचे, आणि मग माझ्याही पोटात कोणीतरी हळूच "बापरे" म्हणायचं. पुढे खाऱ्या हवेने माझं कापड विरलं, दोर कुजले. तेव्हा श्वेताने मला फेकलं नाही. घडी घालून कामठीला पाठवलं.

आता माझी खिडकी मावळतीला उघडी असते. तिच्यातून समुद्र दिसत नाही. खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात, त्यांच्या धुरामागे सूर्य लाल होऊन उतरतो, आणि शेजारचे माग चालू असतात. डोळे मिटले की मागांचा आणि समुद्राचा आवाज मला एकच वाटतो.

तुम्हाला एक मागणं आहे. तुमच्याकडे जुना तंबू असेल, छत्री असेल, साधी पिशवी असेल, तर ओली घडी घालू नका. उन्हात वाळवा, मग ठेवा. आणि एखादी वस्तू बिनकामाची वाटली, तर फेकण्याआधी तिला जरा फिरवून बघा, उघडून बघा. कदाचित ती नुसती चुकीच्या बाजूला तोंड करून उभी असेल.

परवा खेळता खेळता एका पोराने माझ्या खिडकीच्या कडेवर बोट ठेवलं. बाकी सगळ्या शिवणी रेघेसारख्या सरळ, आणि ही एकटी वेडीवाकडी, कुठे टाका लांब, कुठे आखूड. "आबा, ही तुमच्या हातची नाही ना?"

बाबाराव खाटेवर पडले होते. आता त्यांना फार चालवत नाही. ते उठून बसले आणि खिडकीतून बाहेर, चिमण्यांच्याही पलीकडे बघत हसले.

"माझीच आहे गा. पर ते शिवताना मी खाली पाहतच नव्हतो."