जोमरेच्या नावाचं पाकीट

प्यो गिलमानने बोट जिभेला लावून अहवालाचं तिसरं पान उलटलं, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून कुकबाईंनी डोकं बाहेर काढलं.

"शेवया सोडू का पाण्यात?"

"अजून नको. खर्च राहिलाय."

"जमेला एवढा वेळ, मग खर्चाला संध्याकाळच होणार," पहिल्या बाकावरून बोंग आजी म्हणाल्या आणि सगळी मंडळी हसली. सगळी म्हणजे एकोणीस माणसं, आणि त्यातले दोघे पेंगत होते. डिसेंबरचा शेवटचा रविवार होता, उपासना संपून वार्षिक सभा चालली होती आणि चर्चभर सुक्या मासळीच्या रश्श्याचा वास सुटला होता. अशा वेळी कुणाचंही लक्ष वर्षभराच्या डिझेलच्या बिलांकडे लागणं कठीणच.

गिलमान मात्र एक आकडा गाळायला तयार नव्हता. फुटलेला नळ, गाडीचा विमा, प्रवचनाच्या माइकची नवी वायर, सगळं त्याने वॉनसकट वाचलं. एकतीस वर्षं त्याने शेतकरी सहकारी संस्थेत कारकुनी केली होती, आणि एका वॉनचा फरक निघाला तर तो सापडेपर्यंत हा माणूस जेवायला घरी जात नसे. अडुसष्ट वर्षांचा गिलमान या मंडळीत तरण्यांतच मोडत होता, म्हणून खजिनदारी त्याच्या गळ्यात पडली होती.

मग पाळक सोल सेवेचा वृत्तांत द्यायला उठले. चौतिशीचा हा भला माणूस आपल्या आजीच्या वयाच्या माणसांपुढे बोलताना अजूनही दोन्ही हात जोडून उभा राही.

"संडे स्कूल. विद्यार्थी एक."

"ती पण तुमचीच!" मागून कुणीतरी म्हणालं.

"बाप्तिस्मे शून्य. अंत्यविधी तीन. गृहभेटी दोनशे बारा."

"त्यातल्या दोनशे घरांत तुम्हाला खायला घातलंय बरं का," बोंग आजी म्हणाल्या. "तेही लिहा अहवालात. दिसतंय तसं ते, पण लिहिलेलं बरं."

पाळकांनी कोटाचं बटण चाचपलं आणि घाईघाईने म्हणाले, "सातवा विषय खजिनदार मांडतील."

सातव्या विषयाचा कागद गिलमान महिनाभर कोटाच्या खिशात घेऊन फिरत होता.

चर्चच्या दारापाशी लाकडी खणांची एक फळी होती. प्रत्येक खणात एकेका सभासदाच्या नावाचं पाकीट. रविवारी येताना आपलं पाकीट काढायचं, अर्पण घालायचं, पेटीत टाकायचं. उपासनेनंतर गिलमान आणि बोंग आजी पैसे मोजायला बसत, तो नाव आणि रक्कम वाची, आजी यादीवर खूण करत. रिकामी पाकिटं परत खणात जात, आणि ज्यांनी दिलं त्यांची नावं पुढच्या रविवारी पाळक प्रार्थनेत मोठ्याने वाचत.

फळीवर पाच पाकिटं मेलेल्या माणसांची होती. त्यातली चार धूळ खात पडली होती. पाचवं ओक जोमरेचं, गिलमानच्या बायकोचं. तिला जाऊन तीन वर्षं होत आली होती, तरी तिचं पाकीट दर रविवारी दहा हजार वॉन घेऊन पेटीत पडत होतं.

टाकत होता अर्थात गिलमानच. चाळीस वर्षांच्या संसारात त्याने बायकोला "अगं" आणि "ऐकलंस का" यापलीकडे हाक मारली नव्हती. आता आठवड्यातून एकदा दुसऱ्याच्या तोंडून, भरल्या मंडळीत, तिचं पूर्ण नाव कानावर पडे. ते ऐकलं की त्याला घरी जाऊन एकट्याने जेवता येई. ज्या रविवारी पाळक आजारी पडले आणि नावं वाचायची राहिली, त्या दिवशी तो ताटावरून तसाच उठला होता.

नोव्हेंबरात चर्चच्या वरच्या मंडळाचं पत्र आलं. मृत सभासदांची नावं पटावरून कमी करावीत, त्यांची पाकिटं काढावीत, सभेची मंजुरी घ्यावी. दुसरा एखादा असता तर त्याने पत्र बिलांच्या गठ्ठ्याखाली सरकवलं असतं. गिलमानला ते जमणारं नव्हतं. नियम तो नियम. त्याने स्वतःच्या वळणदार अक्षरात पाच नावांची यादी केली आणि जोमरेला शेवटी ठेवलं.

आता त्याने ती वाचली. चार नावं नीट गेली. पाचव्याआधी त्याने पेल्यातलं पाणी पिऊन घेतलं.

"ओक जोमरे," तो म्हणाला आणि खाली बसला.

"मान्य असेल त्यांनी 'हो' म्हणावं," पाळक म्हणाले.

"हो!" मंडळी गरजली. भुकेने आवाजाला चांगलीच धार आली होती.

"अमान्य असेल त्यांनी 'नाही' म्हणावं," असं म्हणता म्हणता पाळकांनी हातोडी उचललीसुद्धा. हा प्रश्न विचारायचा असे म्हणून विचारत, उत्तरासाठी थांबायची पद्धतच नव्हती. चर्च बांधल्यापासून त्यावर कुणी तोंड उघडलं नव्हतं.

"नाही," बोंग आजी म्हणाल्या.

हातोडी हवेतच राहिली. पेंगणारे दोघे जागे झाले.

"आजी, तुम्ही... नाही म्हणालात?"

"पाळकसाहेब, म्हातारी मी. कान माझे जायचे, तुमचे कसे गेले?"

पाळकांनी नियमांचं पुस्तक काढलं आणि पानं चाळायला सुरुवात केली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली, "अहो, मी शेवया सोडल्या! 'हो' ऐकलं आणि सोडल्या!"

बाकांवर चुळबुळ सुरू झाली. शेवया फुगल्या तर त्या खाण्यात राम नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"आजी, कारण सांगावं लागेल," पाळक काकुळतीला येऊन म्हणाले.

"कारण बॉयलर."

"बॉयलर?"

"चर्च गरम ठेवायला तो घेतला तेव्हा आम्ही सगळ्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, कोण किती देणार ते. जोमरे माझ्या शेजारीच बसली होती. दहा लाख वॉन लिहिले तिने! मी म्हटलं, बाई गं, नवरा बघेल. तर म्हणते कशी, बघू दे, त्याला आकडे बघायला आवडतात."

हशा पिकला. गिलमानने मान खाली घातली. वचनाचा आकडा त्याला वहीतून ठाऊक होता, तिचं हे बोलणं मात्र त्याने आज पहिल्यांदाच ऐकलं.

"वचन देवाला दिलेलं," आजी पुढे म्हणाल्या. "पुरं व्हायच्या आत नाव खोडलं, आणि वर गेल्यावर देवाने विचारलं, तर उत्तर कोण देणार? वरचं मंडळ? बाकीच्या चौघांचं केव्हाच फिटलंय, त्यांना खुशाल जाऊ द्या."

पाळकांना हे मुद्द्याचं वाटलं, की सुटकेचं, कोण जाणे. ते गिलमानकडे वळले. "खजिनदार, जरा वही बघता?"

गिलमानने निळी वही आणली आणि उघडली. बघायची गरज नव्हती. जोमरे गेली तेव्हा तिच्या वचनातले चार लाख बाकी होते. ते फेडायलाच त्याने तिच्या पाकिटात दर रविवारी दहा हजार घालायला सुरुवात केली. चाळीस रविवारांत ते फिटले, पण हात थांबला नाही. पानाच्या तळाशी त्याच्याच अक्षरात 'पूर्ण' असं लिहिलं होतं, खाली लाल शाईच्या दोन रेघा होत्या, आणि शेजारी बोंग आजींची खूण.

त्याने मान वर केली. आजी छताकडे बघत होत्या.

"किती राहिलेत?" पाळकांनी विचारलं.

गिलमानने वही मिटली.

"राहिलेत."

"पण किती?"

"अंदाजे..." गिलमान म्हणाला. पुढचा शब्द त्याच्या तोंडून सहजी निघेना. "अंदाजे बरेच."

गिलमानच्या तोंडून 'अंदाजे' हा शब्द या गावात कुणी ऐकलेला नव्हता. वही दाखवा असं कुणीही म्हणालं नाही. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने तेवढं नाक शिंकरलं.

"तर मग," पाळक सावकाश म्हणाले, "चार नावं कमी होतील. ओक जोमरे यांचं नाव वचन पुरं होईपर्यंत राहील. मान्य असेल त्यांनी 'हो' म्हणावं."

"हो!"

"अमान्य असेल त्यांनी 'नाही' म्हणावं."

या खेपेला पाळक थांबले. एकेका चेहऱ्याकडे बघून झालं, मग हातोडी पडली.

शेवया फुगल्या त्या फुगल्याच. कुकबाईंनी वाढताना प्रत्येकाला ते बोलून दाखवलं, आणि प्रत्येकाने दुसरा वाडगा मागून घेतला. गिलमानच्या समोर बोंग आजी येऊन बसल्या, मुळ्याच्या किमचीची बशी त्याच्याकडे सरकवली आणि आपला वाडगा पुढे ओढला.

"गिलमान."

"काय, आजी?"

"तीन वर्षं झाली, जोमरे आपली दहा हजारच घालतेय. डिझेलचा भाव कुठल्या कुठे गेला. नव्या वर्षापासून पंधरा घालायला सांग तिला."

गिलमानने वाडग्यातला रस्सा संपवला आणि हाताच्या पाठीने तोंड पुसलं.

"सांगतो," तो म्हणाला.