वरचे खाली आले

साइटवर त्याला सगळे 'वरचे' म्हणत. टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये दिवसभर एकटा बसणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? काम अडलं की गवंडी हसत म्हणायचे, "वरच्यांच्या मनात येईल तेव्हा होईल." खालून वॉकी-टॉकीवर इशारे द्यायला त्याचा मेहुणाच होता, बायकोचा धाकटा भाऊ.

उन्हाळा लागला आणि त्याला विलक्षण तहान लागू लागली. बाटल्यांवर बाटल्या वर जायच्या. प्यायलेलं पाणी बाहेर यायचंच, आणि तेवढ्यासाठी ती उंच शिडी कोण उतरणार? रिकाम्या बाटल्याच मग कामी यायच्या.

"दाजी, वर नदीबिदी उगम पावलीय की काय?" मेहुणा चेष्टा करायचा. तोही हसायचा. पँट ढिली झाली तेव्हा त्यानं पट्ट्याला नवं भोक पाडलं. बायको डॉक्टरांकडे जा म्हणाली, तर म्हणाला, "उन्हानं होतंय गं."

एका दुपारी शिडी उतरताना मध्येच त्याचे हातपाय गळाले. ना वर जाता येई, ना खाली. मेहुण्यानं वर चढून, सेफ्टीचा पट्टा बांधून त्याला कसाबसा उतरवलं.

"साखर चारशेच्या पुढे आहे," डॉक्टर म्हणाले. "आजपासून इन्सुलिन."

"आमच्या घराण्यात कुणालाच नाही हो डॉक्टर."

"मग तुमच्यापासून सुरुवात."

टनभर सळया बोटभर जागेत अलगद टेकवणारा त्याचा हात, पोटाशी सुई नेताना लटपटायचा. शेवटी बायकोच म्हणायची, "अहो, तिकडे बघा," आणि टोचून मोकळी व्हायची.

पण मनावर घेतल्यावर त्यानं काही म्हणजे काही चुकवलं नाही. चालणं, मोजून खाणं, वेळेवर टोचणं, सगळं. एकदा जेवायला उशीर झाला, तर दरदरून घाम फुटला. समोरच्या चमच्याला काय म्हणतात तेच आठवेना. बायकोनं घाईघाईनं साखरेचं पाणी पाजलं. "जिला घराबाहेर काढलं, तिच्याच पाया पडायची वेळ आली," सावरल्यावर तो म्हणाला. बायको हसली नाही.

पुढचा रिपोर्ट इतका चांगला आला की परत क्रेनवर घ्या म्हणायला तो तडक साइटच्या सेफ्टीच्या मॅडमकडे गेला.

"मॅडम, बघा. पहिला नंबर काढलाय."

त्यांनी कौतुकानं वाचला. "छानच की! इन्सुलिन बंद झालं?"

"नाही. त्याच्यामुळेच तर हे..."

"मग वर पाठवता नाही येणार हो तुम्हाला. वर असताना साखर एकदम उतरली, आणि खाली माणसं असली तर?"

'माझी कधी उतरत नाही' हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. मग तो चमचा आठवला.

डॉक्टरांनी इन्सुलिन बंद करायला साफ नकार दिला. तेव्हा "आता मी माझं टोचून घेतो" असं बायकोला सांगून तो सुई बेसिनमध्ये रिकामी करू लागला. इन्सुलिनशिवाय साखर ताब्यात राहते हे त्याला दाखवून द्यायचं होतं. आठवडा सरायच्या आत तहान परत आली. एका सकाळी तो उभ्यानं तांब्या तोंडाला लावून गटागटा पाणी पीत होता. बायको दारात उभी होती. तिला काय ते कळलं.

"नीट वागलो तरी वर जायचं नाही, नाही वागलो तरी नाही," तो म्हणाला. "मग करू तरी काय मी?"

"मला तरी काय कळतंय?" ती म्हणाली आणि तिथेच खाली बसली. थोड्या वेळानं उठून तिनं सुई भरली. त्यानं सदरा वर केला.

आता तो साइटच्या स्टोअरमध्ये हेल्मेट आणि हातमोजे देतो. क्रेनवर नवा माणूस आलाय, भला आहे. आज सकाळी हेल्मेट घेताना त्यानं विचारलं, "वारा सुटला की भार कसा आवरायचा हो?" यानं जीव तोडून सगळं समजावलं. तो "बरं" म्हणून गेला.

स्टोअरच्या खिडकीतून फक्त लोंबता हूक दिसतो. दुपारी विटांचा भार हेलकावत आला. "सावकाश... घाई नको, सावकाश," तो काउंटरमागून पुटपुटत राहिला.

"काका, हातमोजे देताय ना?" समोरच्यानं दुसऱ्यांदा विचारलं.