आयुक्तांचा भाऊ

तुरुंगाची गाडी मार्गासनीपर्यंत आल्याचा फोन आला, तेव्हा विंझरच्या त्या अंगणातलं ऊन कलायला लागलं होतं. कोंडिबाचं प्रेत सकाळपासून ओट्यावर होतं. दिवस बुडायच्या आत उरकावं, धाकट्या भावानं अग्नी द्यावा, असं मंडळींचं म्हणणं पडलं. त्यावर कोंडिबाची बायको सगुणाबाई एवढंच म्हणाली, "भावजींनी हात लावायचा न्हाई. माझा कुमार येतोय."

धाकटे भाऊ अमृतराव कुंपणाशी उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

याच कोंडिबानं शाळा सोडून भातखाचरात पाय घातले आणि अमृतला शिकवलं. भोरच्या वसतिगृहात सायकलवरून भाकऱ्या पोचवल्या. अमृत पुढे एका मोठ्या शहराचे पोलीस आयुक्त झाले. साहेबांच्या घरी भाजी आणणारे शिपाई त्यांनी ठाण्यांत परत पाठवले. कोठडीत कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही, असा हुकूम काढला आणि प्रत्येक कोठडीत कॅमेरा बसवला. खात्यातले लोक दात-ओठ खायचे. शहरातली गरीब माणसं मात्र न घाबरता ठाण्याची पायरी चढायला लागली.

कोंडिबाचा एकुलता एक कुमार त्याच शहरात पोलीस शिपाई होता. एका रात्री शाकिर नावाचा पंक्चर काढणारा तरुण कोठडीत मेला. कॅमेऱ्यात काठी उगारलेला कुमार स्पष्ट दिसत होता. हाताखालचा अधिकारी हळूच म्हणाला, कॅमेरा बंद होता असं लिहिता येईल. बाहेर बाकावर शाकिरची आई नूरजहाँ बसून होती. अमृतरावांनी गुन्हा नोंदवायला सांगितलं.

कुमारला शिक्षा झाली. त्यानंतर अमृतराव दर दिवाळीला विंझरला यायचे आणि कोंडिबा आतून दार लावून घ्यायचा.

गाडी आली. कुमारबरोबर उतरलेल्या तरुण हवालदारानं अमृतरावांना ओळखून कडक सलाम ठोकला. सगळ्या अंगणानं तो पाहिला. अमृतरावांचा हात वर गेला नाही. कुमारच्या बेड्या काढल्या, तशी त्यांनी बाजूला होऊन त्याला वाट दिली.

नदीकाठी कुमारनं अग्नी दिला. परत गाडीत चढताना तो चुलत्यापाशी थांबला. केस पिकायला लागले होते त्याचे.

"नाना, आईकडं बघा," तो म्हणाला. मग तो गाडीत चढला.

मंडळी पांगल्यावर अमृतराव घराकडे आले. सगुणाबाई उंबऱ्यात बसली होती. नोकरी संपली, आता इथंच राहीन म्हणतो, असं त्यांनी अडखळत सांगितलं. तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला. मग दादा शेवटी काही म्हणाला का, असं त्यांनी विचारलं.

"म्हनले, अमृतनं केलं ते बरूबर केलं. त्या पोरालाबी आई हुती." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पन अमृतचं तोंड बघितलं की मला माझा कुमार दिसतो, म्हनले. म्हनून दार लावायचे. आत बसून रडायचे लई."

अमृतराव भिंतीला टेकले.

"आता मलाबी तसंच व्हतंय, भावजी," ती म्हणाली. "तुमी जावा."

त्यांनी ओट्याखालच्या चपला पायात घातल्या. रस्त्यावर येऊन ते एसटीची वाट बघत उभे राहिले. एसटी आली, दिवे त्यांच्या तोंडावरून फिरले. हात दाखवायचं त्यांना सुचलं नाही, आणि ती पुढे निघून गेली.