डबा आणील तो घरचा

कॅमेरूनमधल्या चांग गावच्या इस्पितळात पेशंटचा नातेवाईक कोण, हे विचारायची पद्धत नव्हती. जो डबा घेऊन येईल तो नातेवाईक. मग तो सख्खा असो, चुलत असो, नाहीतर बाजारात शेजारी बसून कांदे विकणारा असो. त्यालाच ड्रेसिंग शिकवायचं, त्यालाच गोळ्या समजावायच्या आणि वाईट बातमी असेल तर त्यालाच बाजूला घेऊन सांगायची. लेओकादी जुइकोमने पंधरा वर्षं अशीच नर्सगिरी केली आणि त्यात तिची एकदाही फसगत झाली नव्हती.

ती झाली कॅनडातल्या केबेकात, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, आणि तीही ऐन परीक्षेच्या आठवड्यात.

केबेकच्या आबितिबी भागातल्या एका खाणीच्या गावात येऊन तिला दहा महिने झाले होते. बरोबर आणखी अकरा जणी होत्या, कोणी बेनिनची, कोणी ट्युनिशियाची, सगळ्या आपापल्या देशात मुरलेल्या नर्सेस. इथे सगळ्यांना पुन्हा पहिलीपासून. ज्या हातांनी कंदिलाच्या उजेडात बाळंतपणं केली, त्या हातांना चादर कशी घालायची ते शिकवलं गेलं. लेओकादीने मुकाट्याने शिकून घेतलं. आता वॉर्डातल्या सहा आठवड्यांच्या परीक्षेचा हा शेवटचा आठवडा, शुक्रवारी निकाल. पास झाली की नर्स म्हणून नेमणूक, आणि नवरा बार्नाबे आणि दोन्ही मुलींना आणायची वाट मोकळी. नापास झाली तर दुसरी संधी नाही. तिकडे बार्नाबेने मुलींच्या शाळेत सांगूनही टाकलं होतं. धाकटी मेर्वेय दर रविवारी फोनवर एकच प्रश्न विचारायची, "मम्मा, तिकडे तुला जेवण कोण आणून देतं?" कोणी नाही, मी माझंच करते, म्हटलं की पोरगी फोन बापाकडे देऊन टाकायची. आईला कोणी जेवण आणून देत नाही म्हणजे आई फार वाईट ठिकाणी आहे, असा तिचा हिशेब.

या बारा जणींवर देखरेख होती गिलेन त्रोतिए या बाईची. साठीला टेकलेली, आवाज खणखणीत, चालणं असं की मागून जाणाऱ्याला धाप लागावी. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं, मला अहोजाहो करायचं नाही. आईच्या वयाच्या बाईला अगंतुगं करायला लेओकादीची जीभ रेटेना. 'मादाम गिलेन, तुम्ही' इथवर येऊन ती थांबली ती थांबलीच. तिसऱ्या आठवड्यात गिलेनने तिच्या कागदावर शेरा लिहिला होता: हात उत्तम, तोंड बंद. विचारत नाही.

त्याच गिलेनने सुरुवातीला एक फॉर्म वाटला होता. आपल्या हातून चूक झाली की आपणच तो भरायचा, आणि वर पेशंटलाही जाऊन सांगायचं. बारा जणींनी एकमेकींकडे पाहिलं. उंदराच्या पिंजऱ्यात खोबऱ्याचा तुकडा लावतात, तसलाच हा प्रकार असं सगळ्यांचं मत पडलं. लेओकादीला तर चांगची एक पोर आठवली. सुईत औषध जास्त गेलं असं तिने रडत रडत कबूल केलं आणि आठवड्यात घरी बसली. त्याच वॉर्डात तेच करून तोंड शिवून बसलेली दुसरी आज तिथली मेट्रन आहे. कोणता धडा घ्यायचा ते शहाण्याला सांगावं लागत नाही.

तर बारा नंबरच्या खाटेवर होते रोझेर प्लूर्द. वय एक्क्याऐंशी, खाणीतून निवृत्त, साखरेने पायाची दोन बोटं नेलेली, तोंड मात्र शाबूत. आजूबाजूच्या खाटांवर लोक फुलं घेऊन यायचे आणि पंधरा मिनिटांत कोट चढवायचे. प्लूर्दांकडे मात्र रोज बाराच्या ठोक्याला नॉर्मां व्हेयेत नावाचा एक लांबोडका म्हातारा थर्मास घेऊन यायचा. थर्मासात हॅम घातलेलं वाटाण्याचं घट्ट सूप. तो उशाशी बसून चमच्याने भरवायचा आणि दोघं भांडायचे.

"मीठ कमी आहे," प्लूर्द म्हणायचे. "तुझ्या अकलेसारखं."

"गिळ मुकाट्याने. नाहीतर डोक्यावर ओततो."

लेओकादीला ते बघून इतकं बरं वाटायचं की ती मुद्दाम बारा वाजता त्या खोलीत काम काढायची. या अख्ख्या वॉर्डात निदान एका पेशंटला माणूस होतं.

मंगळवारी नॉर्मां निघाला तेव्हा तिने त्याला खिडकीशी बोलावलं आणि चांगच्या रीतीने सगळं नीट समजावलं. जखम कशी बांधायची, साखर किती चढते, उरलेला पायही धोक्यात कसा आहे. शेवटी हेही सांगितलं, की घराच्या पायऱ्या चढणं आता यांच्याने व्हायचं नाही, म्हणून डॉक्टर त्यांना वृद्धाश्रमात पाठवायचं म्हणताहेत. घरच्यांनी मनाची तयारी ठेवावी. नॉर्मांचा चेहरा पांढरा पडला. तो कोटाची बटणंही न लावता निघून गेला. थर्मास तिथेच राहिला.

दुपारी नोंद करायला तिने फाइल उघडली. 'कळवायची व्यक्ती' या ओळीपुढे प्लूर्दांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: कोणी नाही. त्याखाली: माझी माहिती कोणालाही देऊ नये. 'कोणालाही' या शब्दाखाली दोन रेघा होत्या.

लेओकादीने फाइल मिटली. तो व्हेयेत कोण, असं तिने जुन्या मदतनीस बाईला सहज विचारल्यासारखं विचारलं. बाई हसल्या. शेजारी आहे, म्हणाल्या. बावीस वर्षं दोघांचं बोलणं नव्हतं, कारण याने आपल्या दारातला बर्फ उडवून प्लूर्दांच्या दारात टाकला. गावात सगळ्यांना माहीत आहे. महिन्यापूर्वी प्लूर्दांच्या दारातला बर्फ दोन दिवस कोणी काढला नाही, तेव्हा हाच बघायला गेला आणि म्हातारा पायऱ्यांवर पडलेला सापडला.

कँटीनमध्ये तिने बेनिनच्या एद्विजला सगळं सांगितलं. एद्विजने काटा खाली ठेवला. "कोणी ऐकलं?"

"नाही."

"मग झालंच नाही. लेओ, तुला दोन पोरी आहेत. शुक्रवारपर्यंत तोंड उघडू नकोस."

सल्ला चुकीचा नव्हता. लेओकादीने तो मानला, आणि बुधवारी दुपारपर्यंत पाळलाही.

बुधवारी बारा वाजले, नॉर्मां आला नाही. सव्वाबाराला प्लूर्दांनी वेळ विचारली. साडेबाराला पुन्हा विचारली. इस्पितळाचं ताट तसंच निवत पडलं होतं. एक वाजता त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, आणि वर म्हणाले, काही खास काम नाही, सहज विचारतोय. मग त्यांनी उशाशी असलेला रिकामा थर्मास हाताने थोडा मागे सरकवला, दिसू नये म्हणून.

लेओकादीला ते बघवेना. या माणसाकडे येणारं एकच माणूस होतं, आणि तिने ते हाकलून लावलं होतं. ती नर्सेसच्या खोलीत गेली, कपाटातून फॉर्म काढला आणि सात ओळींत सगळं लिहिलं. लिहिताना तिला बार्नाबे दिसत होता, मेर्वेय दिसत होती, भरलेली बॅग दिसत होती. तरी तिने सही केली आणि कागद गिलेनच्या टेबलावर ठेवला.

गिलेनने तो दोनदा वाचला. "आता त्यांना सांगायचं. मी दारात उभी राहते. बोलायचं तू."

लेओकादी बोलली. मान खाली न घालता बोलली, कारण इथे खाली बघून बोललं की खोटं वाटतं, हे एव्हाना तिला कळलं होतं. प्लूर्द ऐकत राहिले आणि लाल होत गेले.

"मी लिहिलं होतं. वाचता येत नाही तुला?"

"येतं. मी वाचलं नाही. मी डबा बघितला."

"कसला डबा?"

"सूप. आमच्याकडे जो डबा आणतो तो घरचा. मला दुसरं काही सुचलंच नाही. माझं चुकलं, पापा." पापा म्हणायचं नाही, हेही दहा महिने शिकवलेलं, पण तोंडातून निघून गेलं.

प्लूर्दांनी रिकाम्या थर्मासाकडे पाहिलं. मग आवाज खाली आला. "कोणी नाही असं लिहिलं, कारण लिहायला कोणी नव्हतंच. आणि त्या नॉर्मांला माझी ही अवस्था कळू द्यायची नव्हती. आता त्याला माझी कीव आली असेल. कीव आली की माणूस येत नाही." त्यांनी फोन मागितला, नंबर न बघता लावला. पलीकडे वाजत राहिलं. त्यांनी पुन्हा लावला, मग फोन परत दिला आणि भिंतीकडे तोंड केलं.

फॉर्म भरला की मन हलकं होतं असं गिलेन म्हणाली होती. लेओकादीचं काही झालं नाही. तिने घरी फोनही केला नाही.

गुरुवारी बाराच्या ठोक्याला नॉर्मां दारात उभा राहिला. हातात दुसराच थर्मास, कोटावर लाकडाचा भुसा, अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं.

"फोन का उचलत नाहीस?" प्लूर्द ओरडले.

"घरी नव्हतो. तुझ्या दारात होतो. पायऱ्या तोडत होतो."

"कोणाच्या पायऱ्या?"

"तुझ्या. लाकडाचा उतार केलाय, चाकाची खुर्ची चढेल असा. दीड दिवस लागला. खिळे बर्फात बसत नाहीत."

"माझ्या पायऱ्या तोडल्यास? कोणाला विचारून?"

"तू पोलिसात जा. खुर्चीवरून जा, उतार केलाय."

कोपऱ्यात चादर घडी करणाऱ्या लेओकादीने चादरीत तोंड खुपसलं. हसत होती की रडत होती ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. उताराचं कळल्यावर डॉक्टरांनी वृद्धाश्रमाचा कागद तूर्त बाजूला ठेवला. घरी रोज नर्स पाठवून बघू, म्हणाले.

शुक्रवारी गिलेनने तिला समोर बसवलं. "सगळं चांगलं झालं हे तुझं नशीब. नशिबाला मी मार्क देत नाही. त्या म्हाताऱ्याचा शेजारी वाईट निघाला असता, तर? फाइल न वाचता परत कधी बोललीस, तर मीच तुला घरी पाठवीन."

"हो, मादाम."

"आणि हा फॉर्म दिला नसतास तर मला कधीच कळलं नसतं. का दिलास?"

लेओकादीला खूप काही सांगता आलं असतं. ती म्हणाली, "ते दुपारी जेवले नव्हते."

गिलेनने चष्मा काढून पुसला, परत घातला आणि सही केली. पास. मग कागद तिच्याकडे सरकवत म्हणाली, "तोंड उघडलंस एकदाचं. आता सोमवारपासून मला तू म्हण."

लेओकादी बाहेर आली ती जमिनीवर चालत नव्हती. बारा नंबरवरून हाक आली. प्लूर्दांच्या हातात फाइलचा नवा कागद होता.

"माझं अक्षर आता वेडंवाकडं येतं. तूच लिही. कळवायची व्यक्ती: नॉर्मां व्हेयेत."

तिने लिहिलं. "नातं?"

प्लूर्दांनी पलीकडे सूप ओतणाऱ्या नॉर्मांकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला. "तुमच्याकडे काय लिहितात?"

"घरचा."

"मग तेच लिही. आणि लवकर झाक, तो बघतोय."

ती निघाली तेव्हा नॉर्मांने मंगळवारी विसरलेला थर्मास तिच्या हातात दिला. धुऊन, भरून आणला होता. झाकण गरम होतं. पेशंटकडून काही घ्यायचं नाही असा नियम आहे, म्हणून तिने दाराशी उभ्या गिलेनकडे पाहिलं. गिलेनला त्याच क्षणी खिडकीबाहेरचा बर्फ फार बघावासा वाटला.

कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून लेओकादीने फोन लावला. पास म्हटल्यावर बार्नाबेने ते दोनदा वदवून घेतलं. मागे सासूबाईंनी देवाचा धावा सुरू केला, थोरलीने उडी मारली असावी, काहीतरी फुटलं. मग फोन मेर्वेयच्या हातात गेला, आणि रविवार नव्हता तरी तिने तोच प्रश्न विचारला.

लेओकादीने थर्मासाचं झाकण उघडलं. मीठ खरंच कमी होतं.

"आज आणलं गं एकांनी," ती म्हणाली. "तू ये, तुला दाखवते."