लंगडी टिकटिक

दुकानात दिवसभर संगीत लावायची अक्कल धाकट्या मालकांची. त्याने गिऱ्हाईक रेंगाळतं म्हणे. मी त्याच दुकानाच्या कोपऱ्यात घड्याळं दुरुस्त करतो, नेमका स्पीकरखाली बसून. तेहतीस वर्षं घड्याळाचं दुखणं मी कानाने ओळखत आलो. दोन टिकटिकींमधलं अंतर सारखं हवं. नसलं तर घड्याळ लंगडतं आणि एक दिवस बंद पडतं.

शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत. त्यांना दिसत नाही. टेबलावरच्या घड्याळाच्या ठोक्यांवर त्यांचा दिवस चालतो, औषधाच्या गोळ्यासुद्धा. ते घड्याळ मी दुरुस्त करून दिलं, आठवड्यात परत आलं. पुन्हा दिलं, पुन्हा आलं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गाण्याचा ताल चालू असायचा आणि मी टिकटिक त्या तालाशी जुळवत होतो! दुकानात ठणठणीत, घरी गेलं की लंगडं. बाई रागावल्या असत्या तर परवडलं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "वय होतं हो. कान थकले असतील तुमचे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दिवसातून तासभर तरी संगीत बंद ठेवा, असं मी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, लोकांनाच विचारू. गल्ल्याजवळ वही ठेवली. बाहेर पडायच्या घाईत लोक काय लिहिणार? 'छान'. 'उत्तम'. एकाने लिहिलं, 'कुठलं संगीत?' त्याचीही गणती पसंतीत झाली. 'कृपया बंद करा' असं एकच मत निघालं.

"काका, हे तुमचंच अक्षर," मालक हसून म्हणाले.

उरलं शौचालय. तिथे स्पीकर नव्हता. बादली पालथी घालून, बाईंचं घड्याळ मांडीवर घेऊन मी तिथे काम सुरू केलं. तिसऱ्या दिवशी पाहतो तर वायरमन शिडी लावून उभा. मला पोटाचा त्रास आहे, असा मालकांचा समज झाला होता. काकांना तिथे फार वेळ बसावं लागतं, तेवढाच विरंगुळा, म्हणून खास माझ्यासाठी ते तिथेही संगीत बसवून घेत होते. यावर भांडणार तरी काय? तळपायाची आग मस्तकात गेली. हत्यारांची पेटी उचलली, घड्याळ काखेत मारलं आणि रजाही न मागता थेट बाईंचं घर गाठलं.

बाईंची खोली शांत होती, पंखासुद्धा बंद. घड्याळ टेबलावर ठेवलं, कान लावला. आणि डोक्यात दुकानातलं सकाळचं पहिलं गाणं सुरू झालं. डोकं झटकलं, डोळे मिटले, पाणी प्यायलो. गाणं काही हटेना. टिकटिक सरळ आहे की लंगडी, मला कळेना. रडू यायचंच बाकी होतं. शेवटी बाईंना खरं काय ते सांगून टाकलं.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि घड्याळाच्या पाठीवर बोटं ठेवली.

"तुम्ही पेच फिरवा," त्या म्हणाल्या. "मी ऐकते."

मी फिरवत राहिलो. थोडं मागे, अजून थोडं, आता थांबा, असं त्या सांगत राहिल्या. तेहतीस वर्षांत पहिल्यांदाच मी माझं काम दुसऱ्याच्या कानाने केलं.