फुकटचं कुणी घेईना

केनियातल्या किसुमू शहराच्या न्यालेंडा वस्तीत मोटारसायकलवाल्यांच्या थांब्याला लागून मिन अपोंदीचं, म्हणजे अपोंदीच्या आईचं दुकान होतं. मक्याचं पीठ, साबण, तेल आणि कंडोम. तीनांचं पाकीट पन्नास शिलिंगला जायचं. मग पाकिटामागे निम्मे पैसे भरणाऱ्या परदेशी संस्थेनं हात आखडता घेतला आणि पाकीट एकशेवीसवर गेलं.

थांब्यावरचा ओगुटू दर शनिवारी पाकीट न्यायचा, तेही चारचौघांत मोठ्यानं मागून. भाव चढल्यावर तो घेईनासा झाला. मिननं विचारलं, तर म्हणाला, अविनोशी, म्हणजे शिवणाच्या वर्गाला जाणाऱ्या त्याच्या मैत्रिणीशी, आता वर्षभराची ओळख झाली, ती काय परकी आहे? पन्नास पडत होते तेव्हाही ती परकी नव्हती. पण मिनला वाद घालायचं त्राण नव्हतं. दुपारपर्यंतच तिचे पाय भरून यायचे.

आरोग्यकेंद्रातली नर्स फुकटच्या कंडोमचा खोका ठेवून गेली. तो धूळ खात पडला.

"घे की रे, पैसे नको देऊस," मिन म्हणाली.

"फुकटचं फाटकं असतं, माय. आणि अविनोनं पाहिलं तर म्हणेल, माझी किंमत एवढीच का?"

शेवटी मिननं तेच कंडोम कागदी पुड्यांत घातले आणि दहा शिलिंगला एक पुडी लावली. खोका भराभर रिकामा झाला. ओगुटूही घेऊ लागला, वर बाकीच्यांना सांगू लागला की हा माल चांगला आहे.

महिन्याभरानं नर्सनं पुड्या पाहिल्या. ती ओरडली नाही. खुर्चीत बसून म्हणाली की सरकारी वस्तू विकता येत नाही, आपल्यालाही वर जाब द्यावा लागतो. फुकट ठेवलं तर कुणी हात लावत नाही, असं मिननं सांगितलं. नर्स म्हणाली, "ठाऊक आहे गं. सगळीकडे हेच आहे." दोघींनी चहा घेतला. पुड्या बंद झाल्या, नर्सनं नव्यानं भरून दिलेला खोका पुन्हा तसाच पडून राहिला.

पुढे अविनोनं शिवणाचा वर्ग सोडला. तिला दिवस गेले होते. ओगुटूनं तिला आपल्या खोलीवर आणलं, मुलगी झाली.

मुलगी तीन महिन्यांची असताना दोघं पीठ घ्यायला आले. ओगुटूनं पाकिटाचा भाव विचारला, हातातल्या नोटा पाहिल्या आणि पीठच घेतलं. अविनोनं मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, खोक्यात हात घालून मूठभर कंडोम काढले आणि पिठाच्या पिशवीत टाकले. कुणाकडेही न बघता ती चालू लागली.

ओगुटू जरा मागे रेंगाळला.

"थांब्यावरच्या कुणी पाहिलं नाही ना, माय?"

"नाही रे बाबा," मिन म्हणाली. "जा आता."